मिरजगावहून विनाक्लच आलेला टँकर

ते बेअरिंग मी बदललं नव्हतं. जॉबकार्डावर मात्र 'पायलट बेअरिंग नवीन बसवले' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती.

हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या सगळ्या प्रकरणात हे सांगायची संधी मला चार-पाच वेळा मिळाली आणि प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो.

श्रीरामपूरजवळच्या एका खासगी डेअरीत मी वर्कशॉप फोरमन आहे. दुधाचे टँकर, टेम्पो, दोन जीप, सगळ्यांची देखभाल माझ्याकडे. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने दूध वाढतं. आम्ही त्याला पुष्टकाळ म्हणतो. या दिवसांत एक टँकर उभा राहिला तरी गावोगावची शीतकरण केंद्रं भरून जातात आणि फोनवर फोन यायला लागतात. नेमकी तेव्हाच आमच्या सात नंबरच्या टँकरची क्लचप्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बदलली, प्रेशर प्लेट बदलली. राहिलं ते पायलट बेअरिंग.

हे बेअरिंग मुठीत मावेल एवढं असतं. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचं एक जड चाक असतं, त्याच्या मधोमध ते बसतं. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या शाफ्टचं टोक त्याच्यात टेकलेलं असतं. ड्रायव्हरने क्लच दाबला की इंजिन फिरत राहतं आणि शाफ्ट थांबतो. बेअरिंग मोकळं फिरत असेल तरच हे दोघं वेगळे होतात. ते अडकलं तर क्लच कितीही दाबा, इंजिन शाफ्टला ओढून आपल्याबरोबर फिरवतं. आमच्या भाषेत, क्लच सोडत नाही.

स्टोअरमध्ये नवीन बेअरिंग नव्हतं. "दोन दिवसांनी येईल," स्टोअरकीपर म्हणाला. इकडे मॅनेजर गाडेकर साहेब तासातासाला विचारत होते, "सात नंबर निघाली का?" मी जुनं बेअरिंग बोटाने फिरवून बघितलं. जरा खरखरत होतं. ग्रीस भरलं आणि तेच परत ठोकलं. नवीन आलं की गाडी पुन्हा घेऊ, असं मनाशी ठरवलं. जॉबकार्ड अर्धवट असलं तर गाडी गेटबाहेर सोडत नाहीत, म्हणून 'नवीन बसवले' लिहिलं. दोन दिवसांनी बेअरिंग आलंही. ते स्टोअरच्या फळीवर पडून राहिलं, कारण बसवायचं म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यायचा आणि का घेतला ते सांगायचं.

सात नंबरवर ड्रायव्हर होते पौलस तात्या. बेलापूरचे. वय पंचावन्नच्या पुढे, सगळं आयुष्य स्टिअरिंगवर गेलेलं. आधी मालट्रक, मग आमच्याकडे. डेअरीतल्या निम्म्या ड्रायव्हरांनी त्यांच्या शेजारी बसून हात बसवलेला. नव्या माणसाला ते एकच सांगायचे, "मीटरकडं बघू नको. इंजिन काय म्हनतंय ते आयक."

त्यांची एक कला सगळ्यांना माहीत होती. क्लच न दाबता गिअर बदलायची. वाचणाऱ्याला हे अशक्य वाटेल, पण तसं नाही. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी एसटीच्या वेगाने दोन पावलं पळतो आणि मग दांडी धरतो. त्याला झटका बसत नाही. गिअरचंही तसंच. रेस अशी कमी-जास्त करायची की दोन्ही बाजूंचे दात एकाच वेगाने फिरू लागतील. तो क्षण कानाला कळतो. त्या क्षणी नुसत्या दोन बोटांनी दांडा ढकलला की गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. क्षण चुकला की मात्र दात दातावर घासतात आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जातं. तात्यांचा क्षण चुकलेला मी कधी ऐकला नाही. ते रोज असं चालवत नसत. कधी पोरांनी आग्रह केला तर एखाद-दुसरा गिअर टाकून दाखवायचे आणि म्हणायचे, "हे अडीनडीला हाय. मिरवायला न्हाई."

गाडी सोडून दहाएक दिवस झाले आणि तात्यांनी तक्रार वहीत लिहिलं, 'गाडी तापल्यावर रिव्हर्स वाजतो. क्लच सोडत नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रायल घेतली. गार गाडी, बेअरिंगही गार. रिव्हर्स नीट पडला. मी लिहिलं, 'पाहिले. ठीक.' आठवड्याने त्यांनी पुन्हा लिहिलं, 'पहिला गिअरसुद्धा वाजतो.' तेव्हा माझ्या मनात बेअरिंगच आलं. तरी मी क्लचचं पेडल थोडं ॲडजस्ट केलं आणि लिहिलं, 'ठीक.' तिसऱ्यांदा ते स्वतः वर्कशॉपमध्ये आले.

"फोरमनसाहेब, सकाळी नका बघू तिला. सकाळी ती सुनेवानी गप असती. दुपारी बघा."

"बघतो तात्या. पुष्टकाळ संपू द्या, गिअरबॉक्सच खाली घेतो."

"तवर दात ऱ्हायले तर घ्या," ते हसत म्हणाले आणि गेले.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी बाराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. गाडी मिरजगावच्या केंद्रावर, पूर्ण भरलेली. क्लच अजिबात सोडत नव्हता. चालू इंजिनवर कुठलाच गिअर पडत नव्हता. मिरजगाव आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दुसरा टँकर रिकामा नव्हता. टँकरमध्ये दूध थंड असतं, पण ते किती तास थंड राहील यालाही मर्यादा आहे.

मी म्हणालो, "तात्या, दुसरी गाडी नाही. तुम्हाला येतं. आणता येईल तसं आणा."

"बिगर क्लच आनू?"

"आणा."

हे बोलणं मोबाईलवर झालं. त्याची कुठे नोंद नाही.

साडेचारला सात नंबर गेटमधून आत आली. मी धावत गेलो. तात्या घामाने भिजले होते, पण चेहऱ्यावर शाळेतलं बक्षीस मिळालेल्या मुलासारखा आनंद होता.

"कसं आणलंत?"

"कसं म्हंजे? इंजिन बंद केलं, पैला गिअर टाकला आन् सेल्फ मारला. गचका खाऊन निघाली. मग काय, कानावर. दुसरा, तिसरा, चवथा. थांबायचं न्हाई एवढंच ध्यानात ठिवलं. नगरच्या बायपासला एका शेळ्यावाल्यानं घोळ घातला, तिथं परत बंद, परत सेल्फ. राहुरीला उसाच्या गाड्या हुत्या, त्यांच्या मागं मुंगीवानी आलो. पन एकदासुदिक वाजू दिला न्हाई बरं का. एकदासुदिक!"

"दूध?"

"लॅबवाल्याला इचारा. गार हाय अजून."

आता गाडी फक्त मागे घेऊन दूध उतरवायच्या धक्क्याला लावायची होती. तात्यांनी इंजिन बंद केलं, रिव्हर्स टाकला, सेल्फ मारला. गाडी हातभर मागे सरकली आणि आतून कडाड असा आवाज आला. मग चाकं हलेनात. गिअरबॉक्स जाम झाला होता. लांब पाइप जोडून दूध तिथेच उतरवून घेतलं. एक लिटर वाया गेलं नाही. तात्या खाली वाकून गाडीखाली बघत होते. बक्षीस मिळालेलं पोर कुठल्या कुठे गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. रिव्हर्स गिअरचे दात झिजून बोथट झालेले आणि पाच-सहा तर मुळातून तुटलेले. एक तुकडा दुसऱ्या दातांमध्ये अडकून सगळं जाम झालं होतं. मग मी फ्लायव्हीलकडे बघितलं. बेअरिंग उष्णतेने निळं पडलं होतं आणि जागच्या जागी चिकटलं होतं. ते छिन्नीने काढावं लागलं. बरोबरचा मेकॅनिक तेव्हा जेवायला गेला होता. तो येण्याआधी मी ते स्क्रॅपच्या पिंपात टाकलं आणि स्टोअरच्या फळीवरचं नवीन आणून बसवलं. हात आपोआप चालत होते. आपण काय करतोय हे मला पूर्ण कळत होतं.

चौकशी गाडेकर साहेबांच्या केबिनमध्ये झाली. फार तर दहा मिनिटं.

"पौलस, गाडी तू मिरजगावपासून क्लचशिवाय आणलीस?"

"व्हय साहेब."

"गिअर बदलताना क्लच दाबला नाहीस?"

"दाबून उपेग नव्हता, साहेब. सोडतच नव्हता."

साहेब माझ्याकडे वळले. "क्लच तुम्ही नवीन बसवलात ना?"

"हो सर."

"सगळं नवीन?"

"हो सर."

"आणि क्लच न दाबता गिअर टाकले तर दात जातात की नाही?"

"जातात, सर."

"संपलं मग," साहेब म्हणाले.

मी खोटं बोललो ते 'सगळं नवीन'च्या उत्तरात. 'दात जातात' हे खरं होतं. ज्याला येत नाही त्याने विनाक्लच गिअर टाकले तर जातातच. पण ते तात्यांच्या हातून गेले का, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सगळा वेळ मी वाट बघत होतो की तात्या आता म्हणतील, 'फोरमनसाहेबांनीच फोनवर आना म्हनून सांगितलं.' ते काही म्हणाले नाहीत. रिपोर्टात मी लिहिलं, 'चालकाच्या क्लच न वापरण्याच्या सवयीमुळे गिअरबॉक्सचे नुकसान.' सवय हा शब्द मी विचार करून निवडला होता. आणीबाणीत केलेलं काम आणि सवय यात फरक असतो.

तात्यांना गाडीवरून काढून गेटवर बसवलं. रोज सकाळी माझी मोटरसायकल आली की ते उठून बॅरिअर वर करायचे. "नमस्कार फोरमनसाहेब." आवाजात राग नसायचा. राग असता तर मला बरं झालं असतं. ज्यांना त्यांनी हात धरून शिकवलं ते ड्रायव्हर टँकर घेऊन जाताना खिडकीतून चेष्टा करायचे. त्यात रंगनाथ सगळ्यात पुढे.

"तात्या, बॅरिअर उचलताना क्लच दाबा बरं का! न्हाईतर ह्येचे बी दात जायचे!"

"तू आधी तुझे दाखव, तंबाखूनं किती ऱ्हायलेत ते," तात्या म्हणायचे. सगळे हसायचे. मग गाडी गेली की ते परत खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघायचे. गाडी वळणावर गिअर बदलायची तेव्हा त्यांची मान किंचित हलायची. मी ते वर्कशॉपच्या खिडकीतून बघायचो.

तीन आठवड्यांनी ऑफिसने निरोप दिला. तात्यांनी माफीनामा लिहून दिला आणि फोरमनने ट्रायल घेऊन लायक ठरवलं तर त्यांना गाडी मिळेल. नाहीतर वर्ष संपल्यावर ड्रायव्हर म्हणून नेमणूक पुढे चालू राहणार नाही. गेटवर राहायचं असेल तर राहा.

टाईप केलेला कागद घेऊन तात्या माझ्याकडेच आले. चष्मा लावून त्यांनी तो मला वाचून दाखवला. 'माझ्या चुकीच्या सवयीमुळे डेअरीच्या वाहनाचे नुकसान झाले. मला त्याचा पश्चात्ताप आहे.'

"बिगर क्लच आनली, हे मी लिवून देतो," ते म्हणाले. "त्यात खोटं काय न्हाई. पन ही चुकीची सवय म्हंजे काय? मला तर एकदाबी वाजलेला आयकू आला न्हाई. तुमी गिअरबॉक्स उघडून बघितलाय. तुमीच सांगा. माझं चुकलं असंल तर मी आत्ता सही करतो."

वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच होतो. एवढं सरळ मला आयुष्यात कोणी काही विचारलं नसेल.

मी म्हणालो, "सही करून टाका तात्या. प्रकरण मिटेल. गाडी मिळेल."

"म्हंजे चुकलं व्हतं?"

"गाडी मिळाली म्हणजे झालं ना."

माझ्याच टेबलावर वाकून, माझ्याच पेनाने त्यांनी सही केली. "तुमी म्हनता म्हंजे असंल. कान म्हातारा झाला असंल माझा."

ट्रायल दोन दिवसांनी होती. रिकामी सात नंबर, बेलापूर रोडने कॅनॉलपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी शेजारी पॅड घेऊन बसलो. तात्यांनी क्लच दाबला, पार तळापर्यंत. मग थांबले. दांड्याकडे बघितलं. पहिला टाकला. पुन्हा क्लच, पुन्हा थांबले, पुन्हा खाली बघितलं. बत्तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसाने गिअरच्या दांड्याकडे नजर टाकली नसेल, तो शिकाऊ माणसासारखा दांड्यावरचे आकडे वाचत होता. तिसरा टाकताना खर्रकन आवाज झाला. नवे गिअर, नवं बेअरिंग, क्लच पूर्ण सोडत होता. तरी वाजला.

तात्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

कॅनॉलच्या चढावर गाडी बंद पडली. मागे उसाची ट्रॉली होती, तो ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला. तात्या सेल्फ मारायचं सोडून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले.

"बघा," ते म्हणाले. "तुमचा रिपोर्ट खरा हुता. मी उगंच म्हनत हुतो, आयकू आला न्हाई, आयकू आला न्हाई. इतकी वर्षं किती गाड्यांचे दात खाल्ले असतील मी, कोनाला ठावं."

मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, "तात्या, तुम्ही साहेबांना माझा फोन का सांगितला नाही? आणा म्हणून मीच म्हणालो होतो."

"ते कशाला सांगायचं? उगं तुमच्यावर आलं असतं," ते म्हणाले. "दूध तर वाचलं ना."

मी खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला पुढे काढून दिलं. परत येऊन म्हणालो, "चला, माघारी जाऊ." पॅडवर मी काही लिहिलं नाही. खरं म्हणजे तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्या माणसाला अजून गाडी गेटपर्यंत न्यायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. कदाचित तेही खरं नसेल.

वर्कशॉपमध्ये आलो आणि सात नंबरचे काढलेले गिअर जिथे ठेवले होते ती पेटी उघडली. वरिष्ठ ऑफिसकडून मंजुरी येईपर्यंत असे भाग आम्ही टाकून देत नाही. एकेक गिअर डिझेलमध्ये धुतला. जे मला मनातून माहीत होतं आणि जे मी महिनाभर बघितलं नव्हतं ते पेटीत होतं. रिव्हर्सचे दात गेलेले. पहिल्याचे दात कडेने खाल्लेले. हे दोन गिअर उभ्या गाडीत टाकावे लागतात. तिथे रेस जुळवून भागत नाही. शाफ्ट थांबलाच पाहिजे, म्हणजे क्लचने सोडलंच पाहिजे, आणि माझ्या बेअरिंगमुळे तो कित्येक दिवस सोडत नव्हता. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा मात्र धावत्या गाडीत पडतात. सव्वाशे किलोमीटर तात्यांनी हेच गिअर विनाक्लच टाकले होते. त्यांच्या दातांवर साधा ओरखडा नव्हता. तिसऱ्यावर बोट फिरवलं तर नव्या गिअरसारखी धार लागत होती.

मी ते गिअर वर्तमानपत्रात गुंडाळून गाडेकर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"अहो, टेबल खराब होईल. काय आहे हे?"

"सात नंबरचे गिअर, सर. माझा रिपोर्ट खोटा आहे."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बेअरिंग, जॉबकार्ड, तीन तक्रारी, फोन, रिपोर्ट. साहेब गिअरकडे बघत राहिले.

"ते जुनं बेअरिंग कुठे आहे?"

"मीच स्क्रॅपमध्ये टाकलं. ते गेलं."

"मग पुरावा काय?"

"हे दात, तक्रार वही आणि माझं सांगणं."

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. "फाइल बंद झालीय. त्याने माफीनामा दिलाय. तुम्ही त्याला लायक लिहा, तो उद्या गाडीवर जाईल. कोणाचंच नुकसान नाही. हे आत्ता कशाला उकरताय?"

"सर, त्याला आज गाडी चालवता आली नाही."

"का? तब्येत?"

"आपणच इतकी वर्षं गाड्या खराब करत आलो, असं त्याला वाटायला लागलंय. मी तसं लिहिलं म्हणून."

साहेबांनी त्यातला एक गिअर उचलून हातात घेतला. ते कडक आहेत, वाईट नाहीत. म्हणाले, "निघाली का, निघाली का, म्हणून तासातासाला मीच विचारत होतो ना त्या दिवशी?"

"हो सर. पण खोटं तुम्ही लिहा म्हणाला नव्हतात."

"लिहून द्या सगळं. फोनसुद्धा. मी वर पाठवतो. तुमचं काय होईल ते माझ्या हातात नाही."

माझं फार वाईट झालं नाही. मेमो मिळाला. वर्षभर जॉबकार्डावर सही करायचा अधिकार काढून घेतला. आता माझ्या कामावर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मेकॅनिक सही करतो, आणि नीट बघून करतो. काढलेला जुना भाग तारेने जॉबकार्डाला बांधून दाखवल्याशिवाय 'नवीन बसवले' लिहायचं नाही, असा नियम झाला. तात्यांचा माफीनामा साहेबांनी फाइलमधून काढून फाडून टाकला आणि त्यांना सात नंबर परत दिली.

या प्रकरणातून फोरमन म्हणून मी शिकलो ते एवढंच, की गिअरबॉक्स उघडला की आपण फक्त तुटलेले दात बघतो. शाबूत राहिलेले दातही बघावेत. गाडी कोणाच्या हातात होती ते त्यांच्यावरूनच कळतं.

पण फाइलमधला कागद फाटला म्हणून काम संपत नव्हतं. साहेबांनी तात्यांना बोलावून 'चौकशीत नवी माहिती आली' एवढंच सांगितलं होतं. ती माहिती काय, हे सांगायचं माझ्याकडे होतं. आणि ज्यांच्या देखत त्यांची चेष्टा झाली त्यांच्या देखत सांगायचं होतं.

सकाळी सहाला डिझेल पंपाच्या शेडखाली ड्रायव्हर रूट स्लिप घ्यायला जमतात. चहाचे कप हातात, मोबाईलवर कोणाची तरी गाणी. तात्या एका बाजूला उभे होते, किल्ली मुठीत घट्ट धरून. रंगनाथ त्यांना म्हणत होता, "तात्या, आज कोनाच्या शेजारी बसून शिकनार?"

मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "दोन मिनिटं थांबा सगळे." गाणं बंद झालं.

"सात नंबरचं पायलट बेअरिंग मी बदललं नव्हतं," मी म्हणालो. "जुनंच बसवलं आणि नवीन लिहिलं. त्यामुळे क्लच सोडत नव्हता. तात्यांनी दोनदा लिहिलं, मी दोन्ही वेळा 'ठीक' लिहिलं; तिसऱ्यांदा ते स्वतः सांगायला आले, तरी मी पुढे ढकललं. मिरजगावहून गाडी विनाक्लच आणा, असं मीच फोनवर सांगितलं. दूध त्यांच्यामुळे वाचलं. मग रिपोर्टात मी त्यांची चुकीची सवय लिहिली. माफीनाम्यावर सही करा, हेही मीच सांगितलं."

रंगनाथ हातातल्या कपाकडे बघत होता. तात्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. ते चिडतील, शिवी देतील, असं मला वाटलं. मी त्याची तयारी करून आलो होतो.

"म्हंजे," ते हळू म्हणाले, "तवा वाजलाच नव्हता?"

"नव्हता. मी गिअर धुऊन बघितलेत. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत एका दातावर ओरखडा नाही."

"आन् मी तुमाला इचारलं तवा तुमाला ठावं हुतं?"

"हो."

ते मान खाली घालून किल्ली बोटांत फिरवत राहिले. "लई वाईट केलं फोरमनसाहेब तुमी," ते म्हणाले. "गाडी काढून घेतली त्याचं न्हाई वाटत येवढं. पन मला आता इंजिन आयकू येतं तरी इस्वास बसत न्हाई."

"ते मी केलं, तात्या," मी म्हणालो. "तुमचा कान बरोबर होता. हात बरोबर होता. माझं चुकलं आणि ते मी तुमच्या नावावर लिहिलं. मला माफ करा."